नववीची पायरी आणि चळवळी मुले



वर्धापनदिनाला दरवर्षी एका सभासदाने एखाद्या विषयावर बोलावे असा आपला रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने माझे नाव घातले, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी कशावर बोलणार? त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "पुतण्याला घेऊन तुम्ही दोन वर्षे पुण्याच्या फेऱ्या केल्यात, त्यावरच बोला. ऐकणाऱ्या कितीतरी जणींच्या घरी तसे एखादे पोर असेल." म्हणून हे चार शब्द. यात जे डॉक्टरी आहे ते मी डॉक्टरीणबाईंना विचारून वहीत टिपून घेतलेले आहे. बाकीचे घरात पाहिलेले.

विषय असा, की काही मुलांचे चौथी-पाचवीपर्यंत बरे चाललेले असते आणि आठवी-नववीला गाडी एकदम घसरते. मूल मंद नसते. बोलण्यात चलाख असते, हिशेबात कोणाला ऐकत नाही, पण वही अपुरी, पेपर अर्धा, दप्तर एकीकडे आणि डबा दुसरीकडे. अशा मुलांना नावे ठेवावयास आपल्या भाषेत शब्दांची वानवा नाही. धांदरट, वेंधळा, द्वाड, चळवळ्या, विसरभोळा, उनाड. डॉक्टर लोक याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत आणि मनात आले की केल्याशिवाय दम धरवत नाही, अशी तीन अंगे त्याला आहेत. कोणात तिन्ही असतात, कोणात पहिलेच एक असते. जगभरच्या शाळकरी मुलांत शंभरांत पाचांच्या आसपास अशी मुले असतात असे धरतात. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन आलीच.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा त्यांतला. लहानपणापासून पायाला भिंगरी. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तेथे एकच गुरुजी, मुले थोडी, पाढे सगळ्यांनी मिळून म्हणावयाचे. याची चुळबुळ वाढली की गुरुजी त्याला फळा पुसावयास नाहीतर हंड्यात पाणी आहे का ते पाहावयास पाठवीत. तेथे त्याचे छान चालले. पाचवीला हायस्कुलात गेला, आठवीपर्यंत कसेबसे ढकलले, आणि नववीच्या सहामाहीत सहांपैकी चार विषयांत नापास झाला. त्या सहामाहीत त्याने तीन कंपासपेट्या हरविल्या. जाऊबाईंनी मला त्याचा इतिहासाचा पेपर दाखविला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ऐसपैस, नीटनेटकी, आणि पुढची पाने कोरी. विचारले तर म्हणाला, "मोठी आई, मला वाटले अजून पुष्कळ वेळ आहे." गणितात रीत बरोबर, पण प्रश्नातल्या ३६ चे ६३ उतरविलेले. तेच गणित तोंडी घातले तर चटकन उत्तर.

घरात दोन पक्ष पडले. भाऊजी म्हणत, मार कमी पडतो. मामंजी म्हणत, मोबाइलने बिघडला. शेजारणीने अंगारा आणून दिला, तोही लावला. अंगाऱ्याला माझी ना नाही, पण चौथी कंपासपेटीही गेली. शाळेतून तर निरोप आला की यंदा पास होणे कठीण, तुम्ही दाखला काढून सतरा नंबरचा फॉर्म भरा. त्या सतरा नंबरविषयी मी पुढे बोलणारच आहे.

सगळ्यांना खटकत होती ती गोष्ट अशी. आषाढात लावणीला हाच पोरगा दिवसभर चिखलात उभा राहतो, सर्वांत पुढे असतो, पावसाची तमा नाही. मग अभ्यासालाच काय धाड भरते? म्हणजे मनात आणले तर करील, मनातच आणत नाही. असे आपण सगळ्याच म्हणतो. डॉक्टरीणबाईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, "लावणीत बरोबर दहा माणसे असतात, रोप लावले की लगेच डोळ्यांसमोर उभे दिसते, कोणी ओव्या म्हणते, कोणी हाक मारते. इतिहासाचे फळ मार्चमध्ये दिसावयाचे. त्याच्याकडे लक्ष नाही असे नाही, ते हवे तिकडे वळविता येत नाही." घरी येताना मला वाटले, हे तर पाटाच्या पाण्यासारखे झाले. पाटात पाणी भरपूर आहे, पण दारे धरणारा नवखा आहे. एका सरीचे दार फोडतो, दुसरे बांधावयास विसरतो, कांद्याचे पाणी बांधावरून वाटेवर जाते. पाणी कमी म्हणून ओरडून काय उपयोग?

हा दारे धरणारा डोक्यात कोठे असतो, तर कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात. आखणे, आवरणे, वाट पाहणे, एक गोष्ट मनात धरून दुसरी करणे ही त्याची कामे. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी मुलांच्या मेंदूची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेऊन असे दाखविले की या मुलांचा मेंदू इतरांसारखाच वाढतो, पण सरासरीने तीन वर्षे मागून, आणि मागे राहण्याचे प्रमाण याच पुढच्या भागात अधिक असते. हे ऐकल्यापासून मी पुतण्याकडे बघते तेव्हा आवरासावरीच्या बाबतीत बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणते, आणि मग माझा राग अर्ध्यावर येतो. हे आईने वळण लावले नाही म्हणून होत नाही, गोड खाल्ल्याने होत नाही, मोबाइलनेही होत नाही. मोबाइल त्यात भर घालतो हे मात्र खरे. पुष्कळसा भाग उंचीसारखा घराण्यातून येतो. दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत तो अधिक दिसतो. घराण्यातून येतो हे मी घरी सांगितले तेव्हा सगळ्यांनी एकदम मामंजींकडे पाहिले. त्यांनी आयुष्यात एसटीत किती छत्र्या ठेवल्या याची गणती नाही. तेही हसले.

हे नवे खूळ आहे, आमच्या वेळी नव्हते, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगते. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी अशाच मुलांवर व्याख्याने दिली होती. आमच्या वेळी अशी मुले चौथीतून शाळा सोडून गुरांमागे जात. तोरण्याच्या नाहीतर रोहिड्याच्या उतारावर दिवसभर हिंडावयाचे असेल तर चळवळेपणा आड येत नाही. म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

आता नववीच का? मला वाटते यातच सगळे आहे. प्राथमिक शाळेत सगळे गुरुजींच्या हाती असते. वही काढा, पाटी पुसा, आता लिहा, आता थांबा. मुलाने आपल्या डोक्याने काही आखावयाचे नसते. आठवी-नववीला विषयाला वेगळे शिक्षक, तासाला वेगळी वही, प्रयोगवही, प्रकल्प, अमुक तारखेपर्यंत तमुक. तीन-तीन तास बसून पेपर लिहावयाचा, वेळ आपण वाटून घ्यावयाचा. म्हणजे जो भाग या मुलांत मागे आहे, नेमका त्याच्यावर ओझे येते. शिवाय या वयात बाहेरची चुळबुळ कमी होते. मुलगा बाकावर शांत बसलेला दिसतो, आत मात्र भिरभिर चालूच असते. त्यामुळे लोकांना वाटते, आता तर नीट बसतो, मग मार्क का नाहीत? नक्कीच आळस.

दुसरे कारण सरकारी आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, २०१० पासून लागू झाला, आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवावयाचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. पण ज्याची तूट दरवर्षी थोडी थोडी साठत होती तिचा पत्ता घरी लागला नाही, तो नववीत एकदम लागला. २०२३ साली राज्य सरकारने नियम बदलून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. आता निदान आठवीत तरी घंटा वाजेल. ती वाजली की ऐकावी.

सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसावयाचे. नोकरी-धंद्यात पडलेल्या माणसाला, लग्न होऊन राहिलेल्या बाईला तो फॉर्म म्हणजे देणगी आहे, त्याला नाव ठेवणार नाही. पण अशा मुलाच्या हाती तो देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याचा डेरा काढून घेणे. शाळेची घंटा, रोजची हजेरी, शेजारी बसलेला मित्र, हेच त्याला धरून ठेवणारे दोर. ते सोडून वर्षभर घरी आपल्या आपण अभ्यास कर असे सांगावयाचे, तर जे त्याला येत नाही तेच त्याच्याकडे मागितले. नववीचा निकाल चांगला दिसावा म्हणून अशा मुलांना हा रस्ता दाखविण्याची चाल काही ठिकाणी आहे. आईबापांनी लगेच मान डोलावू नये. आमच्या जाऊबाई फारसे बोलत नाहीत, पण त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर बसून म्हणाल्या, "साहेब, दाखला नको. एकदा डॉक्टरला दाखवून येते, मग बोलू."

दाखविणे म्हणजे काय ते सांगते, कारण बायका त्यालाच भितात. आधी डोळे आणि कान तपासले. फळ्यावरचे दिसत नसेल तर लक्ष कोठून लागेल? रक्त तपासले, झोपेची चौकशी केली. मग डॉक्टरीणबाईंनी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके मागितली. मला नवल वाटले. त्यांनी ती एकापुढे एक मांडली. दुसरीपासून आठवीपर्यंत, वेगवेगळ्या अक्षरांत, शेरा एकच: "हुशार आहे, लक्ष देत नाही." त्या म्हणाल्या, "बघा, सहा-सात शिक्षकांनी रोग ओळखून लिहून ठेवला आहे." कारण ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा दोन्हीकडे दिसावी लागतात. त्यांच्याकडे नऊ-नऊ खुणांच्या दोन याद्या असतात. त्यांतल्या एका तरी यादीतल्या सहा खुणा पटल्या पाहिजेत, सतरा वर्षांपुढच्यांना पाच. प्रश्नांचा एक छापील कागद घरच्यांनी भरावयाचा, एक वर्गशिक्षकांनी. याखेरीज बुद्धीची आणि वाचन-लेखनाची चाचणी झाली. डोक्याला तारा लावून काही केले नाही, कोठे कोंडून ठेवले नाही. म्हणून प्रगतिपुस्तके जपून ठेवा. आमची एक तांदळाच्या कणगीमागे सापडली, कडा उंदराने खाल्लेल्या.

मुलींविषयी मला थोडे थांबून बोलावयाचे आहे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले, आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते. तिकडल्या, माझ्या नणंदेच्या गावची एक मुलगी भोरला मामाकडे शिकावयास होती. स्वभावाने गरीब. वर्गात खिडकीजवळ बसे, कोणाला त्रास नाही, उलट बोलणे नाही. त्यामुळे तिची कधी तक्रारच आली नाही. मुलगा चळवळ करतो म्हणून निदान शिक्षकांचे त्याच्याकडे ध्यान जाते. मुलीत पुष्कळदा लक्ष न टिकणे एवढेच एक अंग असते. ती गप्प बसते, मनाने कोठल्या कोठे असते, आणि लोक म्हणतात भोळी आहे, डोक्याने थोडी कमी आहे. जगभर मुलांत हे निदान मुलींपेक्षा अधिक होते, त्याचे एक कारण हे की मुली दिसतच नाहीत.

ही मुलगी नववीत नापास झाली. मुलगा नापास झाला की त्याला शिव्या बसतात. मुलगी नापास झाली की पाहुणे येतात. तिचे वय तेव्हा पंधरा. कायद्याने अठराच्या आत लग्न करता येत नाही, २००६ चा कायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी "नुसते ठरवून ठेवू" असे म्हणणारी तोंडे असतातच. नणंदेने मला फोन केला. तिच्या आईला मी इतकेच म्हटले की पाहुण्यांना पोहे द्यावयाच्या आधी पोरीचे रक्त तरी तपासा. रक्त फार कमी निघाले. या वयाच्या मुलींत अंगात रक्त कमी असणे फार, त्यानेही लक्ष लागत नाही, दम लागतो, झोप येते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पुष्कळ मुली फेकून देतात, कारण मळमळते. जेवणानंतर घेतली तर कमी मळमळते. चार महिने औषध झाले, रक्त वाढले, मुलगी टवटवीत झाली, तरी वहीतल्या चुका आणि विसराळूपणा तेवढाच राहिला. तेव्हा पुढची तपासणी झाली आणि तिलाही तेच निघाले. पाहुण्यांना तिच्या आईनेच नाही सांगितले. आता ती दहावीत आहे. मार्क किती पडतील ते पडोत.

औषधाविषयी. काहींना औषध लागते, काहींना लागत नाही, ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. आपल्या बायकांत समज असा की या झोपेच्या गोळ्या असतात आणि पोर कायमचे गुंगीत राहते. तसे नाही. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी काही मुलांना डोकेदुखीसाठी एक तरतरी आणणारे औषध दिले, तर डोकेदुखी राहिली बाजूला, मुले अभ्यासाला बसू लागली. त्याच जातीचे मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली तयार झाले. ज्याने तयार केले त्या गृहस्थाच्या बायकोचे नाव रीटा, म्हणून औषधाचे नाव रिटालिन ठेवले. (नवऱ्याने बायकोचे नाव कशाला द्यावे याला आमच्याकडे घर आणि ट्रॅक्टर एवढीच उदाहरणे आहेत.) हे औषध दारे धरणाऱ्याला जागे करते, एवढे मला समजले. डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज मिळत नाही आणि मिळूही नये. भूक कमी होते, कोणाला झोप उशिरा लागते, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब वेळोवेळी बघतात. आमच्याकडे सकाळी गोळीच्या आधी पोटभर भाकरी आणि रात्री पुन्हा जेवण अशी सोय केली. मनानेच बंद करावयाचे नाही, आणि परीक्षा आली म्हणून दुसऱ्याच्या मुलाला एक द्यावयाची तर मुळीच नाही.

पण गोळी कंपासपेटी भरत नाही. ते घरातच करावे लागते, आणि येथे माझे खरे सांगणे आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात, आम्ही कमी शिकलेल्या, नववीचे बीजगणित आम्हाला काय कळणार, आम्ही मुलाला काय शिकविणार? भगिनींनो, या मुलांना शिकविणारी माणसे शाळेत आहेत. त्यांना घरी लागते ते वेगळे. शेजारी कोणीतरी बसावे लागते. मी संध्याकाळी सात वाजता पुतण्याजवळ सूप घेऊन बसते आणि तांदूळ निवडते. कधी पावटे सोलते. त्याच्या वहीत डोकावत नाही, बोलत नाही. तो उठला की इतकेच म्हणते, "वीस मिनिटे व्हायची आहेत." समोर गजराचे घड्याळ असते. वीस मिनिटे अभ्यास, मग पाच मिनिटे मोकळा. गाईला पाणी दाखवून येतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. दोन तास एका जागी बसविण्याचा प्रयोग भाऊजींनी करून पाहिला होता, त्यात अभ्यास अर्धा तास आणि भांडण दीड तास झाले.

दुसरी गोष्ट हाकांची. आपल्या एकत्र घरात सकाळी पोराला चार बाजूंनी चार कामे सांगतात. दूध पी, दप्तर भर, डेअरीचे कार्ड ने, जाताना आजीची चिठ्ठी दुकानात दे. साध्या मुलाच्या लक्षात चारही राहतात. याच्या लक्षात पहिले राहते नाहीतर शेवटचे. मग "बहिरा आहेस का?" आता आमच्याकडे एका वेळी एकच काम सांगावयाचे, तेही जवळ जाऊन, त्याने वर पाहिल्यावर. दप्तर रात्रीच भरून दाराच्या कडीखाली ठेवावयाचे. दाराला आतून एक पुठ्ठा लावला आहे, त्यावर त्याच्याच अक्षरात: वही, कंपास, डबा, पास. एसटीचा पास दोनदा हरविल्यावर "पास" खाली रेघ ओढली. जे डोक्यात राहत नाही ते भिंतीवर ठेवावयाचे, एवढीच यातली हुशारी.

शाबासकी लगेच द्यावी. दहावीला पहिला आलास तर सायकल, हे या मुलांना पलीकडच्या डोंगरावरच्या दिव्यासारखे, दिसते पण उजेड पडत नाही. आज दोन्ही धडे झाले तर आज रात्री अर्धा तास क्रिकेट, हे समजते. माराचेही तसेच. सकाळी केलेल्या चुकीला संध्याकाळी बाप आल्यावर मार बसला तर मुलाला मार लक्षात राहतो, चूक राहत नाही.

परीक्षेसाठी एका शिक्षकांनी आम्हाला फार चांगली युक्ती सांगितली. पेपर हाती आला की पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने घड्याळातली वेळ लिहावयाची, या प्रश्नाला अकरा चाळीसपर्यंत, याला बारापर्यंत. वेळ झाली की जागा सोडून पुढे जावयाचे. गणिताचे आकडे उतरविल्यावर बोट ठेवून पुन्हा जुळवावयाचे. त्याच शिक्षकांनी त्याला खिडकीपासून उठवून पहिल्या बाकावर आणले आणि रोज सुटताना गृहपाठ वहीत उतरविला का ते पाहून सही करण्याचे कबूल केले. अर्ध्या मिनिटाचे काम, पण पन्नास मुलांत रोज आठवणीने करणे सोपे नाही. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

सरकारी सवलतींचा घोळ समजून घ्यावा. आपल्या महाराष्ट्रात १९९६ सालापासून वाचन, लेखन, गणित यांची खास अडचण असलेल्या मुलांना दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. 'तारे जमीन पर' हा २००७ चा सिनेमा आपण पाहिला, त्यातल्या मुलाला ती अडचण होती. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ही वाचन-लेखनाची अडचण आहे, स्वमग्नता आहे, पण या अतिचंचलतेचे नाव नाही. मला हे बरोबर वाटत नाही, पण तसे आहे. मात्र दोन्ही अडचणी एकाच मुलात असणे पुष्कळदा घडते. म्हणून तपासणीला गेल्यावर वाचन-लेखनाचीही चाचणी करा असे आपण होऊन सांगावे. ती अडचण निघाली तर दाखला मिळतो आणि तो शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही, नववीतच करावे.

कोठे जावयाचे? शाळेत वर्षातून एकदा मुलांच्या आरोग्य तपासणीचे सरकारी पथक येते. ही योजना २०१३ ची, आणि त्यांनी बघावयाच्या आजारांच्या यादीत हे नाव आहे. आपण त्या दिवशी शाळेत जाऊन सांगितले पाहिजे, नाहीतर वजन-उंची होऊन मूल बाहेर येते. १४४१६ या नंबरवर फुकट फोन करून मराठीत विचारता येते, २०२२ पासून ती सोय आहे. पुण्याला ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. त्या पाटीखाली बसावयाची लाज वाटते हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला होता. बाकावर शेजारी एक शाळेच्या मास्तरीणबाई मुलाला घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याशी बोलता बोलता तो मागे गेला.

पुतण्याने नववी काढली. दहावीला ५४ टक्के मिळाले. आता आयटीआयला वायरमनचे काम शिकतो, तेथे हातांना काम असते, तो रमला आहे. डबा अजून आठवड्यातून एकदा विसरतो.

आपल्यापैकी कोणाला मुलाला किंवा मुलीला दाखवावयाचे असेल तर मला घरी येऊन सांगावे, मी बरोबर येईन. बायकांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके, या वर्षीच्या दोन-तीन वह्या, सहामाहीचे पेपर मिळाले तर ते, आणि आधार कार्ड बरोबर घ्यावे. केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, तेव्हा भोरहून पहिल्या गाडीने निघावे लागेल. वेल्ह्याकडच्यांनी आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला यावे.